चौऱ्याण्णव फुटांचा पाळणा

वेगासमध्ये जुलै. बाहेर एकशे तेरा फॅरनहाइट,
पार्किंगचं डांबर बुटाला धरून ठेवतं.
आत मात्र असा गारठा की मी स्वेटर घालून बसतो,
नवव्या रांगेत, टोकाच्या खुर्चीवर,
डावा गुडघा वाटेत लांबवून.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.
आमचा पाळणा चौऱ्याण्णव फूट लांब,
मेपलच्या लाकडाचा, रोज सहा वेळा पुसलेला.
त्यात एकोणीस-वीस वर्षांची पोरं,
पाठीवर आडनाव, तेही कालच चिकटवलेलं.
बहुतेकजण आठवड्याभरात घरी जाणार
हे प्रत्येकाला ठाऊक आहे,
आणि प्रत्येकाला वाटतं, बहुतेकजण म्हणजे बाकीचे.

सात नंबरचा काल गाजला. एकतीस गुण.
मी वहीत लिहिलं: एकतीस, पण अंगावर कोण होतं?
जुलैतले एकतीस जानेवारीत नऊ भरतात,
वाळवलेल्या मेथीसारखे.

मी चेंडू नसलेल्या मुलाकडे बघतो.
तेवीस नंबर. टेविन ब्रॉडनॅक्स, गाव गॅरी, इंडियाना.
निवडीच्या रात्री याचं नाव कुणी पुकारलं नाही,
कुणाचा तरी घोटा मुरगळला म्हणून हा आला.
अठरा मिनिटं, चार गुण, त्यातले दोन चुकून.
पण आडोसा घेऊन कोण येतंय, कुठून येतंय,
हे तो ओरडून सांगत राहतो:
डावीकडे! डावीकडे! मागे!
तिसऱ्याच सामन्यात घसा बसलाय.
आणि चूक दुसऱ्याची असली तरी
छातीवर हात ठेवून म्हणतो, माझी.

शेजारी रोवेना पार्क, वय सव्वीस, मांडीवर टॅब्लेट.
"शंभरात एक्केचाळिसावा," ती म्हणते,
"हातांची लांबीही कमी आहे, मिस्टर टास्कर."
तिचं खरं असतं.
माझ्यापेक्षा जास्त वेळा खरं असतं,
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी असाच एक जुलै,
असाच एक किल्गोर. डेझमंड किल्गोर.
धावायचा अर्धवट, उडी घ्यायची वेळ आली की थांबायचा.
मी लिहिलं: मन नाही.
दोनच शब्द, पेन्सिलीने, हॉटडॉग खाता खाता.
माझ्या दोन शब्दांवर वरच्यांनी विश्वास ठेवला,
तेव्हा माझ्या शब्दाला वजन होतं, गुडघेही होते.

नोव्हेंबरात कळलं,
त्याच्या उजव्या पावलाचं हाड मोडलेलं होतं.
सांगितलं तर घरी पाठवतील म्हणून
त्याने ते बुटात घट्ट बांधून ठेवलं होतं,
पाच सामने.

पाय.
पायच तर बघायचे होते मला.

त्यानंतर 'मन' हा शब्द मी लिहीत नाही.
'भूक' नाही, 'जिगर' नाही.
फक्त दिसतं ते. कुठला पाय आधी टेकतो.
बदली झाल्यावर बाकावर कुणाशेजारी बसतो.
पाण्याची बाटली उचलून देतो की लाथेने सरकवतो.
बूट सामन्यानंतर किती वेळाने काढतो,
आणि काढताना तोंड कसं होतं.

आज ब्रॉडनॅक्सला खेळवलंच नाही.
सात नंबर पुन्हा गाजतोय, लोक फोन वर धरून उभे,
रोवेना काहीतरी मोजतेय, ओठ हलतायत.
माझ्या वहीत तेवीससमोर शेवटचा रकाना: शिफारस.
अजून कोरा. 'बोलतो' एवढं लिहिलं होतं, खोडलं,
आता परत लिहिलंय, बारीक अक्षरात.

खाली बाकाच्या टोकाला तो टॉवेल पांघरून बसलाय
आणि बसूनही ओरडतोय,
चार दिवसांपूर्वी ओळख झालेल्या पोरांसाठी,
त्या फाटक्या आवाजात:
डावीकडे! डावीकडे!
मागे!

मी वळून बघतो.
मागे रिकाम्या खुर्च्या, आणि एक झाडूवाला,
तोही वळून बघतोय.