शनिवारचा हिशेब

ब्रँचवरून आले की चप्पल काढायच्या आधी
मी देवाचं बाजूला काढते.
चप्पल काढली की घर सुरू होतं,
घर सुरू झालं की उरत नाही काही.

या आठवड्याला पाच हजार वळल्या.
दीडशे छाटीत गेल्या.
चेकरनं कट्टा नुसता दाबला अन् भिरकावला.
हातात एक हजार तीस.
म्हणजे देवाचे एकशे तीन.

एस्तेर म्हणते, आई, शंभर टाक की,
तीन रुपयांनी देवाचं काय अडतंय?
देवाचं नाही गं, माझं अडतं.
चेकर माझ्या दीडशे मारतो,
मी देवाचे तीन मारले
तर सुपाच्या अल्याड कोण, पल्याड कोण?

जूनमध्ये मात्र मीच हात घातला डब्यात.
तिच्या फॉर्मची शेवटची तारीख, पन्नास कमी.
नरसम्माकडं मागावं, तर तिच्याकडं पाहुणे,
पाणी पाच दिवसांआड, माणसं चार जास्त.
घेतले.
कॅलेंडरवर लिहिलं : देवाकडून उसने, ५०.
रविवारी थैली माझ्या बाकाशी आली
तेव्हा मी गीतांच्या पुस्तकात
भलतंच पान शोधत बसले.

तीन शनिवारांत फेडले. साठ.
देवाचं वापरलं तर पाचवा हिस्सा वर घालायचा,
नियमशास्त्रात आहे, असं सासरे सांगायचे.
एस्तेर हसली, देव व्याज घेतो होय?
बचतगटाला मुकाट देते दर महिन्याला,
तेव्हा नाही हसलीस, म्हटलं.

मागं कुणी पाहुणा उपदेशक आला होता,
म्हणाला, व्यसनाचा पैसा देवाला चालत नाही.
घरी येऊन लिंबाच्या सालीनं बोटं घासली.
डाग थोडा गेला.
वास गेला नाही.
पाळकसाहेबांना विचारणार होते,
मग म्हटलं, त्यांनी नको म्हटलं तर
हे पैसे मी कुणाचे समजू?

लिफाफ्यावर नाव लिहीत नाही मी.
पण उपासनेनंतर आतल्या खोलीत नोटा मोजताना
शांतवन मास्तर हटकून दोनदा शिंकतात,
चष्म्यावरून शेवटच्या बाकाकडं बघतात,
नाकाला रुमाल लावतात,
आणि चुकलेला आकडा
पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतात.