हातचा

केनेउवे, बस. आधी हात पूस,
वहीला लापशी नको.
ही मंडळाची किर्द, आजपासून तुझी.
चौदा वर्षं मी लिहिली. त्याआधीची तीन पानं
मा-थाबिसोच्या हातची, तिचा सात एकासारखा दिसतो,
त्यामुळे त्या साली आपल्याकडे
सत्तर मुली होत्या की दहा,
हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

वर्गणी वर्षाला पाच मालोती.
नसतील तर पाटीभर गोवऱ्या,
त्याही जमेलाच लिहायच्या.
मोखोत्लाँगच्या जूनमध्ये, बर्फ पडायला लागलं की
गोवरीला नाण्यापेक्षा जास्त भाव असतो.

खर्च बघ. मेणबत्त्या. रेडिओचे सेल.
दोर, वीस मीटर:
नदी ओलांडायला शिकवण्यासाठी घेतला,
पुढे शाळेच्या विहिरीला गेला, परत मागायचा आहे.
सुती कापड आणि बटणं, हे दर महिन्याच्या घड्यांसाठी.
गावप्रमुखाने ह्या ओळीवर बोट ठेवून विचारलं,
हे कसलं एवढं कापड?
मी म्हटलं, झेंड्यांचं.
आपण फार देशभक्त आहोत असं त्याला अजून वाटतं.

आता हे पान.
घोडं भाड्याने, दोन दिवस, साठ मालोती.
कारण लिहिलेलं नाही. सांगते.

थाबा-त्सेकाच्या मेळाव्याला अकरा जणी निघणार होत्या.
दहा आल्या.
न्थातिसी, जी नकाशा उलटा धरूनही वाचायची,
पहाटे पाण्याला गेली होती
आणि पलीकडच्या खोऱ्यातल्या तीन पोरांनी
तिला झऱ्यावरून उचलून नेलं. लग्नासाठी.
तिच्या बापाशी गायींचं बोलणं
संध्याकाळपर्यंत सुरूही झालं होतं.

मी त्यांच्या दारात दोन दिवस बसले.
त्यांनी चहा दिला, साखर घालून.
घोड्याला वैरण टाकली.
वाईट माणसं नव्हती, तेच अवघड.
दुसऱ्या दिवशी ती बाहेर आली,
अंगावर नवी घोंगडी, टाचणी नव्या पद्धतीने लावलेली.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
म्मे, माझ्या नावावर काट मारू नका.

नाही मारली.
दर साली तिची बाकी पुढे ओढली,
पाच, दहा, पंधरा, वीस.
मासेरूहून आलेला तपासनीस म्हणाला, बाई,
हे बुडीत खाती टाका.
मी म्हटलं, ती बुडालेली नाही,
डोंगरात राहते.

गेल्या हिवाळ्यात टॅक्सीवाल्याने एक पुडी दिली.
कपड्यांच्या कारखान्यातल्या लेबलात गुंडाळलेले
पंचेचाळीस मालोती. नऊ वर्षांचे, बरोबर.
नाव नाही.
दोरा बांधलेला, आपल्या दुहेरी गाठीने.
पण ती गाठ मी शंभरेक मुलींना शिकवली आहे,
आणि कारखान्यात त्यातल्या निम्म्या आहेत.
टॅक्सीवाल्याला विचारलं, कोण होती?
म्हणाला, घाईत होती.

ते पैसे टाचण्यांच्या डब्यात आहेत.
किर्दीत चढवले नाहीत.
हिशेबाच्या दृष्टीने ही चोरी आहे, मला माहीत आहे.
पण चढवले की तिची बाकी शून्य होते,
आणि शून्य झालेलं नाव
पुढच्या पानावर येत नाही.

तू ठरव. आता लेखणी तुझी.
फक्त बेरीज करताना
खालच्या रांगेतल्या मुली मोजून झाल्या
की लगेच रेघ ओढू नकोस,
कुणीतरी हातची असते,
कोपऱ्यात, बारीक अक्षरात, पुढच्या घरात जायची थांबलेली.

शनिवारी तंबू उन्हात घाल, बुरशी धरलीय.
दोर माग.
आणि सात नीट काढत जा, मधे आडवी रेघ देऊन.