मधली जागा

मार्च उजाडला तरी समुद्र घट्टच.
बर्फावर आखलेल्या वाटेने
त्रीनू मुहू बेटावर येते, अंडी न्यायला.
दीड डझन कोंबडीची, दीड डझन बदकाची.
लेइदा एकेक अंडं दिव्यापुढे धरून बघते,
मग वर्तमानपत्रात गुंडाळते.
पुढे तार्तूच्या प्रयोगशाळेत त्यांचं काय होतं,
चार वर्षांत तिने विचारलेलं नाही.

आज विचारते.
मांडीवर अर्धा विणलेला हातमोजा, भडक शेंदरी,
अंगठ्याचे टाके दुसऱ्या दोऱ्यावर राखून ठेवलेले.

पाय कसा होतो ते बघतो आम्ही, त्रीनू म्हणते.
आधी नुसता एक कोंब.
मग वल्ह्याचं पातं.
बोटं काही त्याला बाहेरून फुटत नाहीत,
पात्यातच असतात, दबा धरून.
सातव्या-आठव्या दिवशी
दोन बोटांमधल्या पेशींना सांगावा येतो
आणि त्या मरतात.
तंटा नाही, आकांत नाही.
उरलंसुरलं शेजारपाजारच गिळून टाकतं.
जागा मोकळी होते, म्हणून कोंबडी
उकिरडा उकरू शकते.

"आणि बदक?"

बदकालाही सांगावा येतो.
पण कुणीतरी त्याला दारातच अडवून धरतं.
कातडं राहतं.
तेवढ्या कातड्यावर तळं पार होतं.

लेइदा सुई थांबवते.
"मी एकेक बोट वेगळं विणते, टाका टाका मोजून.
तुमचं तर सगळं उसवण्यावरच."

मग काय वाटतं कोण जाणे,
डाव्या पायातला लोकरीचा मोजा उतरवते.
दुसरं आणि तिसरं बोट, नखापर्यंत जोडलेलं.
"आई म्हणायची, ही पोर मासोळीसारखी पोहेल.
सत्तर वर्षं या काठावर आहे,
गुडघ्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही कधी!"

त्रीनू आधी हसते,
मग वाकून बघते,
सूक्ष्मदर्शकात बघावं तशी, एक डोळा मिटून.

गाडी गेली. बर्फ एकदा करकरला.
रात्री ऊन पाण्यात पाय सोडून
लेइदा आपला पंजा पसरते,
दिव्यापुढे धरते, अंड्यासारखा.
चार फटी. चारींतून उजेड.
कोण कोण उठून गेलं इथून,
एकीचंही नाव ठाऊक नाही.

खाली पाण्यात, डाव्या पायापाशी,
न गेलेल्या त्या मूठभर
अजून बसल्यात, एकमेकींना बिलगून.