रकाना क्रमांक सात

ऐरोली, सहावा मजला, रात्रीचे पावणेदोन.
एसीचा झोत थेट मानेवर येतो
म्हणून रिझवानाने जाळीला पुठ्ठा चिकटवलाय.
स्क्रीनवर डावीकडे कागद, उजवीकडे रकाने.
कागद १८६७ चा,
लुइझियानातल्या कुठल्याशा तालुक्याची मतदारयादी.
आपण फक्त टाइप करायचं.
तासाला एकशे चाळीस नोंदी.

टोलिव्हर, प्रिन्स. शेतमजूर. सही : फुली.
रकाना सात, रंग :
कारकुनाने एकच अक्षर काढलंय, शेपूट लांब ओढून.
वरच्या चार ओळींत तो रकाना कोरा.
गोऱ्याला रंग लिहावा लागत नाही.

फुलीचं काय करायचं, मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.
टीम लीडर म्हणाला, फुली म्हणजे नाव नव्हे, सोडून दे.
पण टाक इतका दाबलाय
की मागच्या पानावर उमटलाय.
परवापरवापर्यंत ज्याला विकता येत होतं
तो माणूस रांगेत उभा राहून
हे करून गेला.
वतन सोडल्याच्या कागदावर
माझ्या पणजोबांचा अंगठा आहे,
शाई फासलेली, जरा तिरका.
घाईत दिला असेल. किंवा हात थरथरला असेल.

मग मी त्याला शोधायला लागले. जेवणाच्या सुट्टीत.
१८६९ : आहे.
१८७२ : करारनामा. जमीन मालकाची, खेचर मालकाचं,
बियाणं उधार, अर्धं पीक मालकाचं,
उलट बोलल्यास मजुरी कापण्यात येईल.
१८७९ : तुरुंगाची वही. गुन्हा : कामाविना फिरत होता.
नदीच्या बांधावर भाड्याने दिला.
पुढे नाही.
१९०४ च्या यादीत तर सातवा रकानाच छापलेला नाही.
गरज उरली नव्हती.

रविवारी घणसोलीत फ्लॅट बघायला गेले.
एजंट सातघरे म्हणाले, पाणी चोवीस तास,
गच्चीवरून खाडी दिसते, थंडीत फ्लेमिंगो.
मालकीणबाईंनी चहा केला, आलं घालून, चांगला होता.
मग : "आडनाव काय म्हणालात?"
मी म्हणालेच नव्हते.
"तसं काही नाही हो, सोसायटीच्या फॉर्मला लागतं."
तो कितवा रकाना होता, मोजला नाही.
कळवतो म्हणाले.
कप मात्र बाईंनी स्वतःच उचलला,
आणि वेगळा ठेवला की सगळ्यांत,
हे मी वळून बघितलं नाही.
बघायला हवं होतं.

रिझवाना म्हणते, कशाला जोडतेस कुठलं कुठे,
ते त्यांचं, हे आपलं.
तिलाही नेरुळात घर मिळत नाहीये, मार्चपासून.

काल टोलिव्हरची नोंद पुन्हा उघडली.
शेरा या जागी लिहिलं : फुली आहे. खोल.
तपासणीतून परत आली,
लाल खूण : अनावश्यक माहिती.
एक चूक, महिन्याच्या हिशेबात धरली जाईल.

धरा म्हटलं.
परत टाइप केलं.