टंच

रणधीर, कार्ड काढण्याआधी जरा बस इथं.
चहा येऊ दे. उद्या विट्यात पालख्या पळतील,
परवा तू गुवाहाटीला. मग कोण सांगणार तुला?

तीन कंपन्यांची तीन कार्डं काढू नकोस.
मी काढली होती. सहा वर्षं
इकडे अकराशे पॉइंट, तिकडे नऊशे,
तिसरीचा पासवर्डच विसरलो.
चिमूटभर केर तीन मुशींत वाटला,
कोळसा तिप्पट जळला, लगड कशातच पडली नाही.

आपण केर विकत घेणारी माणसं.
सोनाराच्या दुकानातली झाडलोट, पायपुसणी,
हात धुतलेल्या पाण्याचा गाळ,
पोत्यानं आणतो, जाळतो, गुंजभर काढतो.
तुला कणाकणानं जमवायला मी काय शिकवू?

फक्त एवढं बघ,
कुणाचं विमान घराजवळ उतरतं.
जाहिरातीतलं हसू बघू नकोस.
मला कोइमतूरहून बंगळूर, बंगळूरहून कोल्हापूर,
पुढं वडापची जीप. जी कंपनी एवढं जुळवून देईल ती आपली.
बारीक अक्षर वाच. नाव मैलाचं,
मोजतात रुपयावर.
फुकट तिकिटालाही कर लागतो, त्याला तूट समज,
तूट नाही असा धंदा मी बघितला नाही.
आणि मुदत बघ. आपलं सोनं
शंभर वर्षं मातीत पडलं तरी सोनंच,
यांचं वापरलं नाही तर मरतं.

नावाचं स्पेलिंग जप.
माझं तिकिटावर अधिकराव, कार्डावर आदिकराव,
दोन वर्षांचे पॉइंट त्या दुसऱ्याच्या नावावर गेले.
तो आदिकराव कुठंतरी अजून उडत असेल,
खिडकीजवळ, पाय पसरून.

मग एका साली सोनेरी कार्ड आलं.
सवयीनं नखानं खरवडलं. खाली पांढरं प्लॅस्टिक.
पण विमानतळावर वेगळी खोली, मऊ खुर्च्या, गरम इडली,
दहा किलो जादा सामान.
ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, सगळं त्यातून नेलं.
तुझी काकू तर बघ,
आज खंडेनवमी म्हणून तात्याचा जुना तराजू,
चिमटा, फुंकणी पाटावर मांडली,
त्यात माझं कार्डही ठेवलंय, हळदकुंकू लावून.

हसू नकोस.
ते सोनेरी कसं झालं ते सांगायचं राहिलं.
त्या साली मी अकरा वेळा आलो.
जत्रेला नाही, लग्नाला नाही.
कोल्हापूरला उतरायचं, हातकणंगल्यावरून मिरज,
तिसरा मजला, तात्याची खाट.
रात्री फोन, पहाटे तिकीट.
ऐन वेळेचं तिकीट सगळ्यात महाग असतं,
आणि पैशावर मोजतात म्हटल्यावर पॉइंट धो धो.
तो खाटेवर झिजत होता, मी मोबाईलवर वाढत होतो.
चाळीस वर्षं तेजाबाचा धूर प्यालेली त्याची छाती,
तिच्यातून काय निघालं, तर हे आकडे.

बाराव्या वेळी आलो तेव्हा
घाई नव्हती. तरी महागच तिकीट काढलं.
विमानात त्या पोरीनं नाव घेऊन स्वागत केलं,
"आमचे खास प्रवासी."
मी मान हलवली. दुसरं काय करणार.

तीन वर्षं ते पॉइंट कशाला लावले नाहीत.
काकू म्हणाली, तिरुपतीला जाऊ. मी म्हणालो, बघू.
या दिवाळीला मुदत संपत होती.

परवाचं तुझं तिकीट त्यातूनच काढलंय.
खिडकीची जागा आहे.
वर गेलास की त्याचा टंच तूच काढ,
मला अजून जमला नाही.

आणि हो, तुझा नंबर टाकायला विसरू नकोस.
फुकट तिकिटावर पॉइंट देत नाहीत म्हणतात.
तरी टाक.