शिरोलीतली यादी

यादीत नावं तीन.
सुकुमार मगदूम, पुण्याची पदवी, बोलणं लोण्यासारखं.
दुसरा मालकांचा साडू.
तिसरं दोनदा खोडून पुन्हा लिहिलेलं.

परवा रात्रपाळीत
पंपाच्या चाळीस बॉडी वाया गेल्या,
अंगभर बारीक भोकं.
जो तो मागच्या पाळीकडं बोट दाखवत होता.

तस्नीम मुल्लाणी आली, गॉगल कपाळावर,
एका भोकात तार घालून बघितली.
म्हणाली, "वाळू ओली होती.
तपासायची राहिली माझ्याकडनं."
मग पोरांना, "आधी भाकरी खावा, जावा."

भट्टी गुरगुरत होती.
मी यादी उलटी केली,
कोऱ्या बाजूला एक नाव लिहिलं.

सकाळी तिला सांगितलं, तर म्हणते कशी,
"ते ऱ्हाऊ दे साहेब,
मग वाळू कोण बघणार?"