सव्विसावा आठवडा, तार्तू

गार जेल. उर्वेबाईंचा हात सराईत.
"श्वास रोखू नका, मारिका. त्यालाही लागतो तो."

पडद्यावर चार खोल्यांचं बिऱ्हाड,
बदामाएवढं.
जरा गोलसर आहे, म्हणतात त्या,
आवळतंय नीट; सैल पडायला मात्र
किंचित वेळ घेतंय.

घेऊ दे.
तीन हिवाळे, उणे एकशे शहाण्णववर,
नायट्रोजनच्या टाकीत काढलेत त्याने,
नावाच्या जागी निळं झाकण.
मला तरी कुठे जमतं
मूठ लगेच सोडायला?

कागदावर: चार आठवड्यांनी पुन्हा.
खाली टानेल काचेवरचा बर्फ खरवडतोय,
हातमोजे घरी विसरून.
वर बघेल, भुवया उंचावेल.

काय सांगू?
गोलसर म्हणू,
की नुसतं
चाललंय?